गेल्या वर्षीचे उत्पन्न

‘नादारी’ हा शब्द आता कानांवर येत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत तो शाळेच्या दारातच भेटायचा. ‘याला पूर्ण नादारी’, ‘त्याला अर्धी’ असे मास्तर भर वर्गात सांगत आणि मग त्या पोराच्या घरची स्थिती कोणाला वेगळी विचारावी लागत नसे. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. फारसीतून आपल्याकडे आलेला हा शब्द. कोर्टात तो कर्ज न फेडू शकणाऱ्याला लागला, शाळेत फी न भरू शकणाऱ्याला. पुढे फी-माफी आली, सवलत आली, शिष्यवृत्ती आली. शब्द सभ्य होत गेले, आणि ते बरेच झाले. ऐन दिवाळी अंकात मी दिवाळ्याचा विषय काढते आहे म्हणून वाचकांनी रागावू नये. ज्या घरांतला पगार या वर्षात थांबला, त्या घरांतही फराळाचे ताट आणि दिवाळी अंक येतोच. आणि मुलाच्या कॉलेजच्या फीचे काय, हा प्रश्न चकलीबरोबर गिळला जातो.

मी मराठी शिकवते. त्यामुळे काळांची मला जरा अधिक चौकशी. आपल्या सवलतींच्या अर्जांत एक रकाना असतो: ‘मागील आर्थिक वर्षाचे कौटुंबिक उत्पन्न’. त्याला तहसीलदारांचा दाखला जोडायचा असतो, आणि दाखलाही त्याच मागल्या वर्षाचा. म्हणजे अर्जाला भूतकाळ समजतो. घरातली फी वर्तमानकाळात भरायची असते आणि वडिलांची नोकरी गेली तीही वर्तमानकाळातच. पण वर्तमानकाळासाठी त्या कागदावर जागा नाही.

हे कसे घडते ते एका घराच्या हिशेबावरूनच सांगते. अकरावी-बारावीला माझ्या वर्गात असलेला एक मुलगा पुढे पुण्यातच एका खाजगी इंजिनियरिंग कॉलेजात गेला. गुणांवर, सरकारी प्रवेशफेरीतून. वडील चाकणच्या बाजूला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात होते. महिना ७२,००० रुपये पगार, म्हणजे वर्षाला ८ लाख ६४ हजार. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची जी शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती आहे, जिला अजूनही पुष्कळ लोक जुन्या सवयीने ‘ई.बी.सी.’ म्हणतात, तिची मर्यादा ८ लाखांची. हे घर ६४ हजारांनी मर्यादेबाहेर. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मिळवतो आहोत, भरतो आहोत, असा सरळ हिशेब होता.

२०२४ च्या ऑगस्टअखेर कारखान्याला टाळे लागले. मुलगा दुसऱ्या वर्षाला. त्या वर्षीच्या अर्जाला उत्पन्न लागले २०२३-२४ चे: ८ लाख ६४ हजार. अपात्र. फी १ लाख २० हजार. घरात एक पैसा येत नाही आणि कागदावर बारा महिन्यांचा भरघोस पगार! पुढे मार्च २०२५ मध्ये वडिलांना एका लहान वर्कशॉपमध्ये २६ हजारांचे काम मिळाले. तिसऱ्या वर्षाच्या अर्जाला २०२४-२५ चे उत्पन्न लागले: पाच महिन्यांचे ३ लाख ६० हजार आणि मार्चचे २६ हजार. आता ते पात्र ठरले आणि अर्धे शिक्षणशुल्क माफ झाले. चूल बंद होती त्या वर्षी मदत शून्य. चूल मंद का होईना पेटली, तेव्हा मदत हजर. पंगत उठल्यावर वाढपी बुंदी घेऊन यावा तसे हे झाले. कोणाचाही वाईट हेतू नाही, नियम कोणी मोडलेला नाही.

याच हिशेबाची आणखी एक गंमत पाहा; गंमत म्हणजे दुसरा शब्द सुचत नाही म्हणून. हीच नोकरी फेब्रुवारीअखेर गेली असती, तर त्या आर्थिक वर्षाचे अकरा पगार भरले असते ७ लाख ९२ हजार. येत्या जूनमध्येच सवलत. मार्चअखेर गेली असती, तर बारा पगार, ८ लाख ६४ हजार. सवलतीसाठी आणखी एक वर्ष थांबा. एका पगाराच्या फरकाने पोराचे एक वर्ष इकडचे तिकडे होते.

मधल्या वर्षात त्या घरात काय झाले ते मला फार उशिरा समजले. आईच्या पाटल्या पतपेढीत गेल्या. मुलगा रात्री अकरापर्यंत लोकांच्या घरी जेवणाची पार्सले पोचवीत असे. सकाळच्या तासांना डुलक्या. दोन विषय राहिले. मी त्याला विचारले, “अरे, कॉलेजात कोणाला सांगितलंस का?” तर म्हणाला, “मॅडम, आईनं बजावलं होतं, बाहेर बोलायचं नाही म्हणून. ताईचं लग्न ठरत होतं ना.” मी पुढे काही बोलले नाही. पगार बंद झाला हे कळले तर पलीकडची मंडळी मागे सरतील, ही भीती काही त्या माउलीने स्वतः शोधून काढलेली नव्हती. आपल्या मध्यमवर्गात आजार सांगतात, ऑपरेशन सांगतात, चष्म्याचा नंबरसुद्धा सांगतात. गेलेली नोकरी मात्र सांगत नाहीत.

आमच्या घराने हे एकदा पाहिलेले आहे. वडील परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. आज उद्या मिटेल म्हणता म्हणता तो कधी रीतसर मिटलाच नाही. मी तेव्हा दोन वर्षांची. हे सारे ताईच्या तोंडून ऐकलेले. ताई कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. जूनमध्ये सवलतीचा अर्ज करायचा, तर वडिलांच्या पगाराचा दाखला हवा. तो कसाबसा मिळाला, आणि त्यावर अर्थातच संपापूर्वीचा भरला पगार. खिडकीतले कारकून म्हणाले, “पगार आहे की!” ताई म्हणाली, “आता नाही मिळत.” ते म्हणाले, “दाखल्यावर आहे ना?” हा संवाद ताई अजून जशाच्या तसा करून दाखवते आणि हसते. त्या दिवाळीनंतर तिने कॉलेज सोडले आणि एका शिवणाच्या कारखान्यात काजे-बटणे करायला लागली. माझी एम.ए.ची फी तिने भरली. ते कॉलेज कोणते हे सांगण्यात अर्थ नाही. त्या काळी कोणत्याही खिडकीत हेच उत्तर मिळाले असते.

कोणी म्हणेल, पूर्वीच्या पुण्यात बरे होते: गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत, कसलाही दाखला नाही. खरे आहे. सोमवारच्या घरी अडचण आली तर ती त्याच सोमवारी कळे, आणि विद्यार्थ्याच्या घरी संकट आले तर मंगळवारच्या घरची बाई आपण होऊन आणखी एक भाकरी वाढी. पण त्या पद्धतीचे गोडवे मला गाववत नाहीत. जेवायला कोण बसणार हे जातीने आधीच ठरलेले असे, आणि त्या जेवणाबरोबर जे गिळावे लागे ते ज्यांनी गिळले त्यांनीच सांगावे. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालवले, लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने उतरवून दिले, तेव्हा कोठे ती पंगत मोठी झाली. ‘कमवा आणि शिका’ हा त्यांचा मार्ग आजही आपल्या विद्यापीठांत योजना म्हणून चालतो. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, तिच्या वसतिगृहांतून खेड्यांतली मुले अजून शिकून बाहेर पडतात. आणि यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत ती मूळची ई.बी.सी. सवलत आली: वर्षाला बाराशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ. मदत दात्याच्या मर्जीवरून हक्कावर आली, ही फार मोठी गोष्ट झाली. हक्क म्हटला की मर्यादा आली, मर्यादा आली की दाखला आला, आणि दाखला हा गेल्या वर्षाचाच असणार. गेलेले वर्ष तेवढे मोजता येते. चालू वर्ष कोणी मोजावे?

याचे एक उत्तर मला अगदी अनपेक्षित दिशेने समजले. माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्न होऊन न्यू जर्सीत गेली, तिला आता वीस वर्षे झाली. मुलगी तिथलीच, तिथली नागरिक. २०२५ च्या जानेवारीत तिच्या यजमानांची कंप्यूटर कंपनीतली नोकरी गेली आणि ऑगस्टात मुलगी कॉलेजात जायची. फोनवर म्हणाली, “मॅडम, तुम्ही मागच्या वर्षाचं म्हणता, इथं तर त्याच्याही मागच्या वर्षाचं विचारतात!” आणि ते खरे आहे. अमेरिकेत सरकारी साहाय्यासाठी जो अर्ज भरतात त्याला ‘फॅफ्सा’ म्हणतात. २०२५-२६ च्या अर्जाला २०२३ सालचे आयकर-विवरण लागते. त्यावरून एक आकडा निघतो आणि त्या आकड्यावरून ‘पेल ग्रँट’ ठरते. हे परत न करावयाचे अनुदान. १९७२ साली सुरू झाले, आणि १९८० पासून क्लेबोर्न पेल या ऱ्होड आयलंडच्या सिनेटरांचे नाव त्याला आहे. २०२५-२६ साठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर, म्हणजे आपले सहा लाखांहून अधिक रुपये. २०२३ मध्ये तिच्या यजमानांचा पगार उत्तम होता. अनुदानाचा आकडा शून्य.

पण त्यांच्या कायद्यात एक खिडकी आहे. प्रत्येक कॉलेजात साहाय्य-कचेरी असते, आणि तिथल्या अधिकाऱ्याला कायद्याने अधिकार दिला आहे की एखाद्या घराची परिस्थिती अर्जातल्या वर्षानंतर बदलली असेल, तर कागद पाहून त्याने त्या एका विद्यार्थ्यापुरते आकडे बदलावेत. याला ते ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. मी त्याला अधिकाऱ्याचा विवेक म्हणते. आकडा बदलला की पेल अनुदान पुन्हा मोजले जाते आणि त्या पूर्ण वर्षाला लागू होते. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या नव्या कायद्याने आणखी दोन गोष्टी घातल्या: ‘आम्ही असले अर्ज घेतच नाही’ असे सरसकट धोरण कॉलेजला ठेवता येत नाही, आणि असा अर्ज करता येतो हे विद्यार्थ्यांना उघडपणे सांगावे लागते.

तिने मग काय केले? कंपनीचे कामावरून कमी केल्याचे पत्र, बेकारभत्त्याचा कागद, शेवटची पगारचिठ्ठी आणि वर्षभरात काय मिळेल याचा अंदाज जोडून अर्ज दिला. बेकारभत्त्याचा कागद ताजा असावा लागतो; नव्वद दिवसांच्या आतला चालतो. कचेरीने परत विचारले: कंपनीने निरोपाची रक्कम किती दिली? तीही उत्पन्नातच धरतात. मोटारीचे आणि क्रेडिट कार्डाचे हप्ते तिने लिहिले होते ते कचेरीने बाजूला ठेवले; नेहमीचा घरखर्च, सहली, चर्चला दिलेला दशमांश असल्या गोष्टींसाठी हा विवेक वापरायचा नसतो. जानेवारीचा पगार, निरोपाची रक्कम आणि लायब्ररीतली तिची अर्धवेळची मिळकत धरून नवा आकडा निघाला. पेल अनुदान बसले. पूर्ण नव्हे, पण बसले. कॉलेजने स्वतःच्या निधीतून थोडी भर घातली. मुलगी ठरल्या दिवशी कॉलेजात गेली.

अमेरिकेत सारे सोन्याचे आहे असे मला सुचवायचे नाही. हा विवेक त्या त्या कॉलेजचा. एक कॉलेज जे मान्य करील ते दुसरे अमान्य करू शकते, आणि सरकारच्या शिक्षणखात्याकडे त्यावर दाद मागता येत नाही. शिवाय आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेल्या मुलांना हे सरकारी अनुदान मिळतच नाही. ते तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांसारख्या थोड्या लोकांना. इथे वडिलांचा धंदा बसला आणि मुलगा तिकडे असला, तर त्याने कॉलेजच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत जाऊन कॉलेजच्या स्वतःच्या निधीची चौकशी करावी, एवढाच मार्ग. तरीही मला त्या खिडकीचे अप्रूप वाटते. यंत्राने आकडा काढला, आणि त्या आकड्याला ‘थांब, या घरात काय झाले ते विचारू’ म्हणायला एक माणूस बसवला.

आपल्याकडे असा माणूस नाही, असे मला म्हणवत नाही. माणसे आहेत; त्यांच्या हाती अधिकार नाही. तहसील कचेरी गेल्या वर्षाचे लिहून देते, कॉलेजातला कारकून संगणकावर मागतील तेवढे भरतो, आणि सरकारी संकेतस्थळाला तर दयामाया असण्याचे कारणच नाही. दुसरी अडचण मर्यादेच्या रेषेची. अनुदानाची पायरी उतरती असेल तर उत्पन्न घटले तशी मदत वाढते. आय.आय.टी.त २०१६ पासून अशी थोडी सोय आहे: वर्षाला १ लाखाखालच्या घरातल्या मुलाला शिक्षणशुल्क पूर्ण माफ, १ ते ५ लाखांच्या घरातल्याला दोन-तृतीयांश माफ. पण आपल्या बहुतेक योजनांत एकच रेषा. अलीकडे आहात की पलीकडे, एवढाच प्रश्न. मुलींसाठी २०२४-२५ पासून महाराष्ट्राने फार चांगले पाऊल टाकले: ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. पण रेषा तीच ८ लाखांची आणि दाखला तोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या मुलांना जामिनाशिवाय कर्ज मिळते आणि १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट. तिथेही उत्पन्नाची रेषा ८ लाखांचीच. शिवाय कर्ज ते कर्ज. अनुदान ते अनुदान. बसलेल्या घरावर आणखी एक ओझे.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘बाई, आपल्याकडे असा विवेक दिला तर जो तो नोकरी गेली म्हणून रडत येईल.’ आमच्या शिक्षकखोलीतही हेच ऐकू येते. माझा अनुभव उलट आहे. खोटे दाखले मिळतात ते ज्यांची मिळकत कागदावर येतच नाही त्यांना. पगारदाराचा पैसा आणि पै फॉर्म सोळावर असते. त्याला वाढ लपवता येत नाही आणि बिचाऱ्याला घट दाखवताही येत नाही. नोकरी गेल्याचे पत्र, भविष्यनिधीचे थांबलेले हप्ते, बँकेच्या पुस्तकातल्या रिकाम्या एक तारखा: एवढे पुरावे तपासायला प्राचार्य, एक प्राध्यापक आणि हिशेबनीस अशी तिघांची समिती पुरेल. तिने शिफारस करावी, सरकारने त्या वर्षापुरती सवलत द्यावी, आणि पुढच्या वर्षीच्या दाखल्याशी ताळा घ्यावा. ताळा जमला नाही तर वसूल करावे. हे जमण्यासारखे आहे.

तोपर्यंत ज्यांच्या घरात या वर्षी पगार थांबला आहे त्यांनी काय करावे? पहिले म्हणजे, बोलावे. विहीणबाईंना सांगू नका हवे तर. पण कॉलेजात सांगा, आणि फीची शेवटची तारीख उलटायच्या आत सांगा. मी आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी साहाय्य समितीवर सात वर्षे आहे. समितीपाशी पैसा थोडा, पण तो उन्हाळ्यात आणि जूनमध्ये असतो. डिसेंबरात येणाऱ्याला देण्यासारखे फारसे उरत नाही. हप्ते बहुतेक कॉलेजे मागितल्यास पाडून देतात, न मागितल्यास कोणी आपण होऊन देत नाही. ‘कमवा आणि शिका’त काम मिळाले तर ते वाचनालयात, प्रयोगशाळेत, दिवसाउजेडी असते, रात्रीच्या पार्सलांपेक्षा शंभर पटींनी बरे. या वर्षी अपात्र ठरलात म्हणून पुढच्या वर्षीचा अर्ज सोडू नका; एप्रिल उजाडला की नव्या वर्षाच्या दाखल्यासाठी अर्ज करा. तलाठ्यांपासून तहसीलदारांपर्यंत कागद जाऊन यायला वेळ लागतो आणि जूनमध्ये सगळे गाव तिथे उभे असते.

आणि प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. त्यात नोकरी कोणत्या तारखेला गेली, शेवटचा पगार किती आणि केव्हा मिळाला, आज घरात येते ते किती आणि कोठून, एवढे चार ओळींत लिहावे. ‘परिस्थिती हलाखीची आहे’ हे वाक्य घालू नये. ते प्रत्येक अर्जात असते आणि ते कोणी वाचत नाही. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक तिथे द्यावी, आणि दुसरीवर आवक क्रमांक व तारीख घालून ती घरी आणावी.